वेश, वाद्य आणि विश्वास

धर्माचा संदेश कोणत्या वाद्यावर वाजवावा आणि तो सांगणाऱ्याने कोणता वेश धारण करावा, हा वाद जुनाच आहे. 'स्ट्रायपर' या अमेरिकन वाद्यवृंदाची कारकीर्द या वादावर चांगला प्रकाश टाकते.

कॅलिफोर्नियातील मायकेल व रॉबर्ट स्वीट हे बंधू, ऑझ फॉक्स आणि टिम गेन्स या चौघांची पहिली ध्वनिमुद्रिका १९८४ साली निघाली. लांब केस, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा अंगाबरोबर पोशाख आणि 'हेवी मेटल' या नावाने ओळखले जाणारे, कानठळ्या बसविणारे संगीत असा त्यांचा थाट होता. या संगीताला अनेक जण सैतानाचे संगीत म्हणत. पण स्ट्रायपरच्या गीतांत होता येशू ख्रिस्त! वाद्यवृंदाच्या नावाचा आधार यशयाच्या ग्रंथातील त्रेपन्नाव्या अध्यायाचे पाचवे वचन हा होता. कार्यक्रमात ही मंडळी नव्या कराराच्या प्रती श्रोत्यांत भिरकावीत. १९८६ च्या 'टु हेल विथ द डेव्हिल' या ध्वनिमुद्रिकेच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

साहजिकच टीका दोन्ही बाजूंनी झाली. मेटलच्या रसिकांना हे प्रवचन वाटले, तर धर्मनिष्ठांना पाखंड. जिमी स्वॅगर्ट या दूरचित्रवाणीवरील प्रख्यात धर्मोपदेशकाने १९८७ साली धार्मिक रॉकविरुद्ध पुस्तकच लिहिले. गंमत अशी, की स्वीट कुटुंब ख्रिस्तभक्तीकडे वळले होते ते याच स्वॅगर्टचा कार्यक्रम पाहून. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून उपदेश करणाऱ्याने विजेच्या गिटारवर आक्षेप घ्यावा, यातील विसंगती उघड आहे.

वस्तुतः लोकांच्या आवडीचा घाट उचलून त्यात आपला आशय भरणे, हा धर्मप्रसाराचा जुना मार्ग आहे. विल्यम बूथच्या मुक्तिफौजेने करमणुकीच्या गाण्यांच्या चालींवर भक्तिगीते रचली. आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग आणि कीर्तन यांचा स्वीकार केला. तेव्हा दोष घाटाचा नसतो.

खरी कसोटी निराळीच होती, आणि ती १९९० साली आली. त्या वर्षीच्या 'अगेन्स्ट द लॉ' मध्ये पिवळे-काळे पट्टे गेले आणि गीतांतील उघड धर्मसंदेशही मागे पडला. परिणाम काय झाला? जुने भाविक श्रोते दुखावले आणि नवे मिळाले नाहीत. १९९२ मध्ये मायकेल स्वीट बाहेर पडला व वाद्यवृंद विस्कटला. त्या काळी एकूण अभिरुचीच पालटत होती, हे मान्य केले पाहिजे. सारे खापर एका निर्णयावर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी लोक आपल्याला ओळखतात, तीच झाकून लोकप्रियता टिकवता येत नाही, हा धडा त्यातून निघतोच.

२००३ साली हे कलावंत पुन्हा एकत्र आले आणि २०२४ पर्यंत त्यांच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघत राहिल्या. पूर्वीचा खप परतला नाही. गीतांतील श्रद्धा मात्र परतली. लाखोंचा खप असताना श्रद्धा मिरविणे सोपे असते. गर्दी ओसरल्यावरही तेच गाणे गाता आले, तर ते खरे. स्ट्रायपरच्या निष्ठेची साक्ष १९८६ च्या खपाच्या आकड्यांत नव्हे, तर या उत्तरार्धात शोधावी लागेल. धर्मरक्षकांनी पट्टे मोजण्यापेक्षा एवढे पाहिले असते, तर बरे झाले असते.