मुंगूस म्हणजे फेरेट नव्हे

मोबाईलवर फेरेटचे व्हिडिओ पाहून अलीकडे काही जण विचारतात, "डॉक्टर, हे विलायती मुंगूसच ना? मग आपलं पाळलं तर काय बिघडलं?" माझं मत स्पष्ट आहे. पाळू नका.

दोघं दिसायला लांबुळकी, पण नातं दूरचं. फेरेट पाणमांजराच्या कुळातला, तर मुंगूस मांजराच्या जवळचं. युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने फेरेट घडवला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो या ग्रीक लेखकाने स्पेनकडच्या सशांच्या शिकारीबद्दल लिहिलंय: फेरेटसारख्या प्राण्याला मुसकं बांधून बिळात सोडायचे आणि ससे बाहेर काढायचे. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या गरीब स्वभावाची पिल्लं निवडत गेले, म्हणून आजचा फेरेट मांडीवर बसतो. (1933 साली लंडनला माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तोही फेरेटमुळेच. पुढे एका आजारी फेरेटच्या शिंकेने संशोधकालाही फ्लू झाला!)

आपल्या मूर्तिजापूरकडे धुऱ्याधुऱ्याने पळणाऱ्या मुंगसाची अशी निवड कुणी केलेली नाही. गारुड्याजवळचं मुंगूस माणसाळलेलं असतं, पाळीव नव्हे. माणसाळतो एक प्राणी. पाळीव होते अख्खी जात.

हा फरक चावल्यावर कळतो. मुंगसाला रेबीज होतो. कुत्रा-मांजर चावलं तर उपचार सुरू ठेवून त्या प्राण्यावर 10 दिवस लक्ष ठेवता येतं. अमेरिकेत हा नियम फेरेटलाही लागू आहे आणि 1990 पासून तिथे त्याच्यासाठी रेबीजची लसही आहे. मुंगसाला हा नियम लागू नाही. "धडधाकट दिसतंय, पाहू दोन दिवस" असं म्हणूच नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मुंगूस चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रानटी प्राण्याचा चावा गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा धरतात. लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, ते आठवणीने विचारा.

शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस पकडणं, पाळणं गुन्हा आहे. वावरात पिल्लू सापडलं तर हात न लावता वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.