पेढीवरील आदान-निक्षेपण

चातुर्मासात मुनिराजांच्या दर्शनास गेलो की एक गोष्ट आपण सारेच पाहतो. कमंडलू उचलण्यापूर्वी, ग्रंथ ठेवण्यापूर्वी ते ती वस्तू व ती जागा पिंछीने परिमार्जित करतात. पाच समित्यांपैकी ही चौथी, आदान-निक्षेपण समिती : पाहून घ्यावे, पाहून ठेवावे. आपण भक्तिभावाने नमोस्तु म्हणतो आणि दुकानी येतो. तेथे गल्ल्याशेजारच्या खणात, पावतीपुस्तकांवर, उघड्या पात्याचा कटर पडलेला असतो.

बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मला गोदामांत वारंवार जावे लागे. एकदा माझ्यासमोरच एका विशीतल्या नोकराने खोका फोडताना कटर स्वतःकडे ओढला. पाते बोथट होते, म्हणून जोर अधिक लागला. ते निसटले आणि खोका धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीत खोल शिरले. शेठजी सज्जन गृहस्थ. दवाखान्याचा खर्च त्यांनी तत्काळ दिला. मग मला म्हणाले, "काय करणार साहेब, त्याच्या अशुभ कर्माचा उदय!" मी मान डोलावली व स्टॉक रजिस्टर पुढे ओढले. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्रमादाला अग्रस्थान दिले आहे. ते पाते कित्येक दिवसांत बदललेले नव्हते. हा प्रमाद नोकराचा म्हणावा की पेढीच्या मालकाचा?

कटरच्या पात्यावर तिरप्या रेषा असतात, त्या कशासाठी हे पुष्कळांना ठाऊक नसते. टोक बोथट झाले की पक्कडीने त्या रेषेवर तुकडा मोडावयाचा. आत नवी धार असतेच. मोडलेला तुकडा झाकणाच्या डब्यात टाकावा, केरात नव्हे. केर काढणाऱ्या बाईंचा हातही हातच आहे. पाते गरजेपुरतेच बाहेर काढावे, धार अंगाकडे वा दुसऱ्या हाताकडे येणार नाही अशा बेताने चालवावे आणि काम होताच आत सारावे.

गाठीवरची पोलादी पट्टी तोडताना तिच्या समोर उभे राहू नये. ताण सुटताच ती चाबकासारखी उसळते. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. हातोड्याचा दांडा हलू लागला की तो पाण्यात भिजवून वेळ मारून नेण्याची आपली जुनी रीत आहे. लाकूड वाळले की तो पुन्हा सैल! पाचर ठोकावी, नाहीतर दांडा बदलावा. पेचकसाने खिळे उचकटण्याविषयी मात्र मी अधिक बोलत नाही. हा अपराध माझ्याही हातून घडला आहे.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेल्यास ३० टक्के व पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के कमाईची हानी धरलेली होती. नव्या पात्याची किंमत शेठजींना ठाऊकच होती. त्यांच्या मालाचा विमा मी दरवेळी तपासत असे. नोकरांच्या विम्याविषयी मी त्यांना कधी विचारले नाही.

पुढच्या तपासणीस गेलो तेव्हा तो मुलगा पोती मोजत होता. तर्जनी वाकत नव्हती. मला पेन हवे होते, म्हणून शेठजींनी खण उघडला. कटर तेथेच होता, पाते बाहेर.