आवाज खोक्यात असतो!

मुलांनो, गेल्या गणपतीतली गोष्ट सांगते. आमच्या मारुंजीत एका मंडळापुढे मुलांचा ऑर्केस्ट्रा होता. वाजवणारी सगळी अकरावी-बारावीतली. त्यातला एक माझाच जुना विद्यार्थी. चौथीत असताना बाकाच्या फटीत पट्टी अडकवून 'टुंईं टुंईं' वाजवायचा आणि माझा ओरडा खायचा, तोच हा! त्या दिवशी गळ्यात लालचुटुक बेस गिटार अडकवून ऐटीत उभा होता. दोन वर्षं साठवलेले २२ हजार रुपये त्यानं त्या गिटारीवर घातले होते. अ‍ॅम्प्लिफायरला पैसेच उरले नाहीत. म्हणून मित्राकडून साध्या गिटारीचा छोटा अ‍ॅम्प मागून आणलेला.

पहिलं गाणं झालं. ढोलकी ऐकू आली, कीबोर्ड ऐकू आला, बेस काही ऐकू येईना. पोरानं आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. दुसऱ्या गाण्यात 'फर्रर्र' झालं आणि संपलंच. स्पीकरमध्ये कागदाचा जो शंकू असतो, ज्याला दुकानदार कोन म्हणतात, तो फाटला होता. कार्यक्रमाचे मिळालेले पैसे मित्राच्या स्पीकरच्या दुरुस्तीत गेले. वर मित्र महिनाभर बोलत नव्हता, ते वेगळंच.

दुसऱ्या आठवड्यात स्वारी शाळेत हजर. "बाई, गिटार खराब निघाली का हो? विकून टाकू?"

आता मला त्यातलं काय कळणार? मी आपली पाढे आणि बाराखडीवाली. पण माझा धाकटा भाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. त्याला बोलावून घेतलं. त्यानं पाच मिनिटं गिटार वाजवून पाहिली आणि म्हणाला, "गिटार चांगली आहे रे. पण तू नुसती गिटार घेतलीस, आवाज घेतलाच नाहीस!"

त्याचं म्हणणं मला कळायला दोन रविवार लागले. तुम्हाला मात्र दहा मिनिटांत सांगते.

साध्या गिटारीला सहा तारा, बेसला बहुधा चार. जाड आणि लांब. सर्वांत जाड तार सेकंदाला फक्त ४१ वेळा थरथरते. साध्या गिटारीची जाड तार थरथरते ८२ वेळा, म्हणजे बरोब्बर दुप्पट. म्हणून बेसचा सूर एक सप्तक खाली. आता आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. ३४० ला ४१ नं भागा बरं! आठ मीटरपेक्षा थोडं जास्त आलं ना? बेसच्या त्या सुराची एक लाट एवढी लांब असते, एखाद्या वर्गाच्या खोलीएवढी. एवढी लाट उठवायची तर खूप हवा ढकलावी लागते. ते काम गिटार करतच नाही. तारेखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार हलली की त्यात अगदी इवलीशी वीज तयार होते. गिटारीचं काम तिथं संपतं. ती वीज मोठी करतो अ‍ॅम्प्लिफायर आणि हवा ढकलतो खोक्यातला स्पीकर. अशी ही तीन जणांची भागीदारी. आमच्या पठ्ठ्यानं पहिल्या भागीदारालाच सगळे पैसे देऊन टाकले होते.

गिटारीबद्दल थोडंच सांगते. पूर्वी खालच्या सुरांसाठी माणसाएवढं उंच डबल बेस वाद्य वापरत. १९५१ साली अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' काढली. तिला सतारीसारखे पडदे होते, त्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून ते नाव. १९६० मध्ये त्यांचीच 'जॅझ बेस' आली. तिला दोन पिकअप आणि मान वरच्या टोकाला अरुंद. आज दुकानात दिसणाऱ्या बऱ्याच बेस या दोघींच्या बहिणी किंवा भाच्या. प्रिसिजनचा आवाज भरीव आणि एकसुरी ठाम, जॅझचा जास्त रेखीव. लहान बोटांना जॅझची मान सोपी जाते. तारेची नेहमीची लांबी ३४ इंच असते. हात पुरत नसेल तर ३० इंचांचीही मिळते. भाऊ म्हणतो, गिटार आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवून बघावी. मान वाकलेली आहे का, एखाद्या पडद्यावर तार खरखरते का, ते तेव्हाच कळतं. रंग शेवटी बघायचा. (आमच्या पठ्ठ्यानं तो सर्वांत आधी बघितला होता.)

आता अ‍ॅम्प. साध्या गिटारीला ड्रमबरोबर ३०-५० वॉट पुरतात. बेसला त्याच ठिकाणी २००-३०० वॉट लागतात. पण नुसत्या वॉटच्या आकड्याला भुलू नका हं! वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो आणि कानाला फरक जेमतेम जाणवतो. खरी गंमत खोक्याच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात लिहिलेल्या डेसिबलच्या आकड्यात आहे. एका खोक्यावर ९५ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ९८. पहिल्याला २०० वॉट देऊन जेवढा आवाज येईल, तेवढा दुसरा १०० वॉटमध्येच देतो. म्हणजे चांगलं खोकं घेतलं तर निम्म्या ताकदीचा अ‍ॅम्प चालतो. दुकानात हा आकडा विचारणारी गिऱ्हाइकं फार थोडी.

खोकं एवढं महत्त्वाचं का? हे आम्ही चौथीच्या वर्गात करून पाहिलं. बिघडलेल्या, सेलवर चालणाऱ्या जुन्या रेडिओतला स्पीकर काढला आणि भावानं तो दुसऱ्या चालू रेडिओला जोडून दिला. स्पीकर नुसता हातात धरला तर आवाज कसा? डासासारखा, चिरका. मग बुटांच्या खोक्याला स्पीकरएवढं गोल भोक पाडलं, स्पीकर आतून चिकटवला आणि झाकण लावलं. तबला एकदम घुमायला लागला! मुलं ओरडलीच, "बाई, आवाज वाढवला का?" कुणीच बटणाला हात लावला नव्हता. झालं असं, की कोन पुढे येताना पुढची हवा दाबली जाते आणि त्याच वेळी मागची विरळ होते. खोकं नसेल तर पुढची हवा वळसा घालून मागे जाते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. लांब लाटा सहज वळतात, म्हणून आधी नाहीसा होतो तो बेसच. खोकं मध्ये भिंतीसारखं उभं राहतं.

त्यानंतर पाचवीतल्या एका मुलीनं विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "मोठा स्पीकर म्हणजे जास्त बेस ना?" चला, गणित करू. एका खोक्यात १५ इंची एक स्पीकर, दुसऱ्यात १० इंची चार. त्रिज्येचा वर्ग काढा. पहिल्याचा साडेसात गुणिले साडेसात, ५६.२५. दुसऱ्याचा पाच पंचे पंचवीस, चोक शंभर! लहान दिसणारे चौघे मिळून जवळजवळ पावणेदोन पट पृष्ठभाग देतात. १० इंचीच दोन घेतले तर ५०, म्हणजे पंधरा इंचीच्या जवळपास. अर्थात खोकं आतून किती मोठं आणि कसं बांधलंय, यावरही सूर किती खाली जाईल हे ठरतं. म्हणून शेवटचा निकाल कानानंच लावायचा.

एक धोक्याची गोष्ट. खोक्यावर '८ ओहम' असं लिहिलेलं असतं. अशी दोन खोकी एकाच अ‍ॅम्पला शेजारी-शेजारी जोडली की ४ ओहम होतात, १६ नाही! अ‍ॅम्पवर 'कमीत कमी ४ ओहम' लिहिलं असेल तर तिसरं खोकं जोडू नका, अ‍ॅम्प तापून जळू शकतो. टाकीला जितक्या तोट्या लावाल तितकं पाणी भराभर जातं, तसंच हे.

आणि वजन! १९६९ साली अमेरिकेत अ‍ॅम्पेग कंपनीनं ३०० वॉटचा एक नामांकित अ‍ॅम्प काढला. एकटा अ‍ॅम्पच ४० किलोच्या आसपास, आणि बरोबरच्या खोक्यांत १० इंची आठ-आठ स्पीकर. आज तेवढ्याच ताकदीचे अ‍ॅम्प दोन-तीन किलोंचे मिळतात. तरी खोकं काही दप्तरात मावत नाही. भावानं आमच्या पठ्ठ्याला दुकानात ४ गुणिले १० चं खोकं उचलायला लावलं. "आता तिसऱ्या मजल्यापर्यंत ने," म्हणाला. बिचारा पायरीपाशीच थांबला.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी. मांडवात जनरेटरवर वाजवायचं असेल तर तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गिटारीच्या तारा धातूच्या आणि हात घामेजलेले असतात. दुसरं म्हणजे खालचे सूर भिंतीतून सहज पार जातात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची आहे. आमच्याकडे आता हिंजवडीच्या बाजूनं उंच इमारती झाल्यात आणि रात्रपाळी करून आलेली माणसं दिवसा झोपतात. घरी सराव हेडफोन लावून केलेला बरा.

तर आमच्या पठ्ठ्यानं काय केलं? गिटार विकली नाही. मित्राला आधी 'सॉरी' म्हणाला, ते मला फार बरं वाटलं. मग दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदील विकून सात हजार जमवले, थोडे वडिलांनी घातले, आणि १० इंची दोन स्पीकरचं, ८ ओहमचं एक जुनं खोकं आणि अ‍ॅम्प घेतला. पिना आणि वायर पुण्याला तपकीर गल्लीतून आणल्या. मोठ्या कार्यक्रमात साउंडवाले बेस सरळ आपल्या मिक्सरला जोडून घेतात, तेव्हा हे खोकं फक्त त्याला स्वतःला ऐकू येण्यापुरतं. लहान कार्यक्रमात तेवढंच पुरतं. पुढे पैसे साठले की तसलंच दुसरं खोकं.

जानेवारीत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात तो वाजवायला आला. पहिलीची मुलं खोक्याला पोट लावून उभी राहिली आणि "बाई, पोटात वाजतंय!" म्हणून हसत सुटली.

बुटांच्या खोक्याचा प्रयोग तुम्हीही करून बघा. मात्र सेलवर चालणारा रेडिओच घ्या, विजेवरची वस्तू उघडू नका, आणि घरातलं कुणी मोठं माणूस शेजारी असू द्या. बुटांच्या खोक्याऐवजी पत्र्याचा डबा घेतला तर आवाज कसा येतो, ते मला पत्रानं कळवा. आमच्या वर्गात त्यावरून दोन तट पडले आहेत.