दुसऱ्या टोकाची प्रीती

उत्तम शुक्रवार येतो तो बहुधा चैत्राच्या आगेमागे. आणि बारामती-इंदापूरच्या मुलुखात चैत्र म्हणजे जत्रांचा महिना. साखर कारखान्यांची धुराडी थंडावत आलेली असतात, नीरा डाव्या कालव्याच्या काठची उसाची शेते तोडून मोकळी झालेली असतात, आणि गावोगावी ग्रामदैवताची पालखी निघाली की पाठोपाठ कुस्त्यांचे मैदान ठरलेलेच. हलगी कडाडते, पोरासोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांनी प्रारंभ होतो आणि दिवस कलता कलता मोठ्या इनामाची जोड आखाड्यात उतरते. याच दिवसांत या दोन तालुक्यांतील, संख्येने थोडी असलेली, ख्रिस्ती कुटुंबे भर दुपारी उपासनेस बसतात आणि प्रभू येशूच्या क्रुसावरील सात उद्गारांचे चिंतन करतात. एकीकडे जिंकणाऱ्यावर गुलाल उधळला जातो. दुसरीकडे, जगाच्या हिशेबाने जो सपशेल हरला, त्याचे स्मरण चालते. या दोन मेळाव्यांचा एकमेकांशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, असे आम्हांला वाटते. मात्र तो सहसा जेथे शोधला जातो तेथे नाही.

सहसा तो शोधला जातो संत पौलाच्या पत्रांत. पौल करिंथ नगरात राहिलेला होता आणि त्या नगराजवळच इस्थमियाचे प्रसिद्ध खेळ भरत. तेव्हा करिंथच्या मंडळीला लिहिताना धावपटूचा आणि मुष्टियोद्ध्याचा दाखला त्याला सहजच सुचला. खेळाडू सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी इतका संयम पाळतो, मग न सुकणाऱ्या मुकुटासाठी आपण किती पाळावा, असा त्याचा रोख आहे. तरुणांच्या शिबिरांत हा दाखला इतक्या वेळा दिला जातो की तो ऐकताच पोरे चुळबुळू लागतात. दाखला सुंदर आहे, यात शंका नाही. पण तो संयमाला लागू पडतो, प्रीतीला नाही. बक्षीस एकालाच मिळते, हे पौल स्वतःच सांगतो. मग दुसऱ्यासाठी स्वतःला रिकामी करणारी जी प्रीती क्रुसावर दिसली, तिला मैदानात जागा कोठे?

आमच्या या मुलुखाने जिच्यात कोणीच हरत नाही अशी एक धाव पाहिली आहे. तुकोबारायांची पालखी पंढरीच्या वाटेवर असताना बेलवाडीस आणि इंदापुरास रिंगण होते. अश्व दौडतात, वारकरी धावतात, आणि पहिला कोण आला हे कोणी विचारीत नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, म्हणून ख्रिस्ती सणाच्या पानावर रिंगणाची आठवण काढली तर ती कोणास खटकू नये. परंतु रोजच्या मैदानात हारजीत असतेच. तेथे प्रीती शोधावयाची तर जिंकणाऱ्याकडे पाहून भागत नाही. दुसऱ्या टोकाला कोण उभा आहे, हे पहावे लागते.

सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेले विजय हजारे हे नाव क्रिकेटच्या जाणत्यांस सांगावयास नको. बारामतीकरांना तर ते आणखी एका अंगाने जवळचे: बारामतीचे जावई नव्हे, पण बारामतीच्या शरद पवारांचे सासरे असलेले लेगस्पिनर सदू शिंदे हजाऱ्यांच्याच नेतृत्वाखाली कसोटी खेळले. १९५१ च्या दिल्ली कसोटीत इंग्लंडविरुद्ध शिंद्यांनी एका डावात ६ बळी घेतले आणि हजारे १६४ धावांवर नाबाद राहिले. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हाही कर्णधार हजारेच होते. ॲडलेडला १९४८ साली ब्रॅडमनच्या संघासमोर दोन्ही डावांत काढलेली त्यांची शतके, ११६ आणि १४५, जुनी माणसे अजून बोटांवर मोजून दाखवितात.

आम्हांला मात्र येथे आठवतो तो १९४३ सालचा, मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावरील पंचरंगी सामन्याचा अंतिम सामना. धर्मावर संघ पाडण्याची ती पद्धत वाईटच होती आणि ती १९४६ साली बंद झाली हे बरे झाले. हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर ५ बाद ५८१ वर डाव सोडला. ख्रिस्ती आदी इतरांचा मिळून झालेला ‘रेस्ट’ संघ १३३ धावांत आटोपला. फॉलोऑननंतर त्यांच्या ३८७ धावा झाल्या, आणि त्यांतल्या ३०९ एकट्या विजय हजाऱ्यांच्या. एवढे करूनही सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेला, तो गेलाच. पण त्या डावात सहाव्या जोडीने ३०० धावांची भागी केली, आणि विजयरावांच्या समोर उभा असलेला फलंदाज होता त्यांचा भाऊ विवेक. त्या डावात विवेकची धावसंख्या होती २१.

तीनशे धावांची भागी आणि वैयक्तिक २१! ज्याने कधी बॅट हाती धरली आहे त्याला हे गणित कळेल. सोपा चेंडू आला तरी हात आवरावयाचा, आपली यष्टी राखावयाची आणि समोरच्याला खेळू द्यावयाचे. तेही एका हरत चाललेल्या सामन्यात. विवेक हजाऱ्यांच्या मनात त्या वेळी धर्मविचार होता असा दावा आम्ही करीत नाही. भाऊ भावासाठी उभा राहिला, इतकेच. तथापि क्रुसाच्या कथेतली प्रीती मैदानात कोणत्या रूपाने येते असे कोणी आम्हांला विचारले, तर आम्ही ३०९ कडे नव्हे, २१ कडे बोट दाखवू.

तालमीत हेच रोज घडत असते. इनाम घेणाऱ्या पैलवानाचे नाव गावभर होते. पण पहाटे लाल मातीत त्याच्याशी रोज झुंजणारा, त्याचे डाव पुरे व्हावेत म्हणून शंभरदा पाठीवर पडणारा जोडीदार कोणाच्या लक्षात असतो? खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविले, त्याआधी त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. खाशाबा ख्रिस्ती नव्हते, खर्डेकरही नव्हते. प्रीतीने कधी दाखला विचारला आहे?

परंतु येथेच आम्हांला एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. दुसऱ्या टोकाला उभे राहण्याचा हा गौरव ऐकून आमच्या घराघरांतील वडीलधारे माना डोलावतील, आणि तो त्याग बहुधा मुलीच्या वाट्याला लिहून टाकतील. पहाटे कालव्याच्या रस्त्याने पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलांच्या बरोबरीने आता मुलीही धावताना दिसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण घरात दूध एकाच्याच खुराकापुरते असेल, बुटांचा एकच जोड घेता येत असेल, तर तो कोणाला मिळतो? भावासाठी थांब, असे तिला सांगितले जाते आणि तिचे थांबणे ‘त्याग’ म्हणून वाखाणले जाते. ती थांबते, तिला कोणी विचारलेले नसते.

शुभवर्तमानात या बाबतीत एक सूक्ष्म भेद आहे. क्रूस वाहणारे दोघे होते. येशूने तो आपण होऊन उचलला; आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपणच देत आहोत, असे तो आधीच सांगून चुकला होता, अशी योहानाची साक्ष आहे. दुसरा कुरेनेकर शिमोन. शेतावरून येत असता शिपायांनी त्याला वेठीस धरले आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. लाकूड एकच, ओझे तेच. पण एकाचे ते अर्पण आणि दुसऱ्याची ती वेठ. वेठ म्हणजे काय हे आमच्या खेड्यांना शिकविण्याची गरज नाही. मुलीच्या खांद्यावर वेठ ठेवून तिला त्यागाचे नाव देणाऱ्यांनी उत्तम शुक्रवारच्या उपासनेत शिमोनाचा उतारा वाचला जाईल तेव्हा जरा लक्ष देऊन ऐकावा.

आपण होऊन दिलेले कसे असते, हे पहावयाचे तर एरिक लिडेलकडे पहावे लागते. हा स्कॉटिश धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावला नाही, कारण त्या शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार हा प्रभूचा वार. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या १९८१ च्या चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली. चित्रपटात त्याला हे ऐन प्रवासात कळते. प्रत्यक्षात त्याने निर्णय काही महिने आधीच घेतला होता. त्याऐवजी तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांच्या विश्वविक्रमाने सुवर्णपदक घेऊन गेला. प्रवचनकार बहुधा येथेच थांबतात. व्रत पाळले, देवाने दुसरे पदक दिले, कथा सुफळ संपूर्ण. आम्हांला हा हिशेब फार व्यापारी वाटतो.

खरी कथा पुढे आहे. पुढच्याच वर्षी तो मिशनरी होऊन चीनला, आपल्या जन्मभूमीला गेला. युद्धाची छाया गडद झाली तेव्हा १९४१ साली गरोदर पत्नीस आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठविले व स्वतः मागे राहिला. तिसरी मुलगी त्याने कधीच पाहिली नाही. १९४३ साली जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबले. तेथे आईबापांपासून दूर पडलेली शाळकरी मुले होती. लिडेल त्यांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ लावी. मात्र रविवारी नाही. एका रविवारी मुलांनी आपसांतच हॉकी खेळली आणि पंच नसल्यामुळे खेळाची मारामारी झाली. पुढच्या रविवारी पंच म्हणून मैदानात उभा होता एरिक लिडेल.

ऑलिंपिकच्या पदकासाठी जो रविवारी धावला नाही, तो परक्यांच्या पोरांची डोकी फुटू नयेत म्हणून रविवारी शिट्टी घेऊन उभा राहिला. व्रतासाठी पदक सोडणे थोर खरेच, आणि जगाने त्याला टाळ्याही दिल्या. पण प्रीतीसाठी स्वतःचे व्रत खाली ठेवणे, तेही जेथे टाळी वाजविणारा कोणी नाही अशा तारेच्या कुंपणाआड, हे आम्हांला त्याहून कठीण वाटते. शब्बाथ माणसासाठी आहे असे शिकविणाऱ्या गुरूचा शिष्य तो तेथे अधिक शोभला.

त्या मुलांत स्टीफन मेटकाफ नावाचा एक मुलगा होता. छावणीत जोडे मिळत नसत. लिडेलने आपले धावण्याचे झिजलेले बूट सांधून, शिवून त्याला दिले. शत्रूसाठी प्रार्थना करावी, असे तो मुलांना शिकवीत असे, आणि शत्रू म्हणजे दाराशी उभे असलेले जपानी पहारेकरीच होते. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने लिडेल गेला. छावणी त्यानंतर सहा महिन्यांनी मुक्त झाली. मेटकाफ मोठा झाला, मिशनरी झाला आणि सेवेसाठी जपानलाच गेला.