लोणारचा दगड आणि चुंबकीय शीतलीकरण

चांदीच्या व्यापारामुळे बुलढाणा जिल्ह्यातील खामगावला ‘रजतनगरी’ म्हटले जाते. जुना जिन्नस मोडीसाठी आला की त्याला प्रथम चुंबक लावून पाहण्याची रीत पुष्कळ पेढ्यांवर आढळते. चुंबक चिकटले, तर आत लोखंड किंवा निकेल आहे हे उघड होते. ते चिकटले नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. चांदीप्रमाणेच तांबे, जस्त आणि शिसे यांनाही चुंबक ओढत नाही. म्हणून जाणता व्यापारी चुंबकावर विसंबत नाही. टंच काढूनच भाव ठरवतो. घरातील स्टीलच्या भांड्यांचेही तसेच आहे. चुंबक चिकटत नाही ते भांडे उत्तम, ही समजूत अपुरी होय. निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेल्या स्वस्त पोलादालाही चुंबक चिकटत नाही. चुंबक खोटे सांगत नाही. पण जेवढे विचारावे तेवढेच ते सांगते.

याच जिल्ह्यात, खामगावच्या दक्षिणेस, लोणारचे जगप्रसिद्ध विवर आहे. तेथे चुंबकाविषयी नाना गोष्टी प्रवाशांच्या कानावर पडतात. काठावरील काही काळ्या दगडांजवळ होकायंत्र नेले की सुई उत्तर सोडते, असे सांगतात. अंबर तळ्याजवळच्या मंदिरातील मारुतीची शयनमूर्ती चुंबकीय दगडाची असल्याची समजूतही प्रचलित आहे. अशा गोष्टी ऐकून कित्येक जण कुतूहलाने एखादा खडा खिशात टाकतात. त्या खड्यात चुंबकत्व असतेच. त्याविषयी वाद नाही. ते आले कोठून आणि त्याचे मोल कशात आहे, हे मात्र उष्णता आणि चुंबकत्व यांचे नाते समजल्यावाचून कळत नाही.

चुंबकाला पदार्थ तीन प्रकारे प्रतिसाद देतात. चांदी, सोने, तांबे आणि पाणी हे चुंबकापासून किंचित दूर सरतात. हा परिणाम इतका क्षीण असतो की नाजूक उपकरणाशिवाय जाणवत नाही. ॲल्युमिनियम, प्लॅटिनम आणि प्राणवायू हे किंचित ओढले जातात. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांसारखे मोजके पदार्थ मात्र जोराने ओढले जातात आणि स्वतःही चुंबक होऊ शकतात. त्यांचा प्रत्येक अणू हा एक सूक्ष्म चुंबक असतो आणि शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून राहण्याचा प्रयत्न करतात.

या शिस्तीची वैरीण म्हणजे उष्णता. पदार्थ तापला की अणूंची थरथर वाढते, रांग विस्कटते आणि एका ठरावीक तापमानाला ती पूर्ण मोडते. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर क्युरी यांनी १८९५ मध्ये याचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून त्या तापमानास ‘क्युरी तापमान’ म्हणतात. लोखंडाचे क्युरी तापमान सुमारे ७७० अंश सेल्सिअस आहे, तर काळ्या दगडात आढळणाऱ्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सुमारे ५८० अंश. मॅग्नेटाइटमध्ये टायटॅनियम मिसळलेले असल्यास ते आणखी खाली येते. गॅडोलिनियम नावाच्या दुर्मिळ धातूचे क्युरी तापमान मात्र अवघे २० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे हिवाळ्याच्या पहाटे तो लोखंडासारखा चुंबकाला चिकटेल आणि वैशाखातील दुपारी जवळजवळ उदासीन राहील.

उष्णता चुंबकत्व मोडते, तर चुंबकाने उष्णता हलवता येईल काय? पिएर वाइस आणि ऑगुस्त पिकार यांच्या १९१७ मधील प्रयोगाने याचे होकारार्थी उत्तर दिले. निकेलला त्याच्या क्युरी तापमानाजवळ तीव्र चुंबकीय क्षेत्रात धरताच त्याचे तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आणि क्षेत्र काढताच ते पूर्ववत उतरले.

याचे कारण हिशेबाच्या भाषेत सहज समजते. पदार्थातील अव्यवस्था दोन खात्यांत विभागलेली असते : एक अणुचुंबकांच्या दिशांचे, दुसरे अणूंच्या थरथरीचे. बाहेरून उष्णता येऊ दिली नाही आणि चुंबक पटकन जवळ आणले, तर पहिल्या खात्यातील अव्यवस्था घटते. पण एकूण बेरीज तीच राहावयाची असल्याने तेवढीच रक्कम दुसऱ्या खात्यात जमा होते. थरथर वाढते, म्हणजेच पदार्थ तापतो. ती वाढीव उष्णता पाण्याने वाहून न्यावी आणि मग चुंबक दूर करावे. अणुचुंबक पुन्हा विस्कळीत होतात आणि त्यासाठी लागणारी रक्कम थरथरीच्या खात्यातून उचलतात. पदार्थ पहिल्यापेक्षा थंड होतो. हेच चुंबकीय शीतलीकरण.

या तत्त्वाचा पहिला उपयोग अतिशीत तापमान गाठण्यासाठी झाला. पीटर डिबाय आणि विल्यम जिओक या दोघांनी १९२६-२७ च्या सुमारास स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली. १९३३ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे जिओक आणि मॅकडूगल यांनी ६१ ग्रॅम गॅडोलिनियम सल्फेट घेऊन निरपेक्ष शून्याच्या वर केवळ पाव अंशापर्यंत मजल मारली. अतिशीत तापमानावरील कार्याबद्दल जिओक यांना १९४९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरगुती तापमानाजवळ हे साधेल असे १९७६ मध्ये जी. व्ही. ब्राउन यांनी ‘नासा’च्या प्रयोगशाळेत दाखवले, गॅडोलिनियम वापरून त्यांनी उष्ण आणि थंड टोकांत ४७ अंशांचा फरक निर्माण केला. पुढे १९९७ मध्ये पेचार्स्की आणि श्नायडनर यांनी गॅडोलिनियम, सिलिकॉन आणि जर्मेनियम यांच्या संयुगात हा परिणाम कितीतरी मोठा असल्याचे जाहीर केले आणि या विषयाला नवी गती मिळाली. मुंबईच्या आयआयटीतही अशा मिश्रधातूंवर संशोधन झालेले आहे.

मग दुकानातील शीतकपाट अजून वायूवरच का चालते? याचे उत्तर व्यापाऱ्याला लगेच पटेल, कारण ते खर्चाचे आहे. गॅडोलिनियमला २ टेस्ला इतक्या प्रबळ क्षेत्रात धरले तरी एका खेपेत तापमान जेमतेम पाच अंशांनी बदलते. म्हणून खेपेमागून खेप घालत फरक वाढवावा लागतो. त्यासाठी लागणारे बळकट कायम चुंबकही दुर्मिळ धातूंचेच असतात आणि ते महाग पडतात. दुसऱ्या बाजूला सध्याच्या वायूंचेही दिवस मोजले जात आहेत. शीतकपाटात सर्रास वापरला गेलेला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता वातावरणात कोंडतो. २०१६ च्या किगाली करारानुसार भारताने अशा वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवण्याचे मान्य केले आहे. जे यंत्र आज परवडत नाही, त्यावर संशोधन का चालू आहे, हे यावरून ध्यानात यावे.

यंत्रात माणूस जे घडवू पाहतो, त्याचा दुसरा अंक निसर्गाने बुलढाण्याच्या भूमीत केव्हाच लिहून ठेवला आहे. यंत्रात चुंबकाच्या साहाय्याने पदार्थ थंड होतो. येथे थंड होता होता दगड चुंबक झाला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. हजार अंशांहून तप्त असलेल्या त्या रसात चुंबकत्व असणे शक्यच नव्हते. तो थिजला, त्यातील लोहखनिजांचे तापमान क्युरी तापमानाखाली उतरले आणि त्यांच्यातील अणुचुंबकांनी त्या क्षणी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला होते ती दिशा धरली. पुढे दगड गार झाला आणि ती नोंद कायम झाली.

माणसाने ठेवलेल्या नोंदी त्यापुढे कालपरवाच्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय मोजमाप १८४१ मध्ये सुरू झाले. पुढे विजेच्या ट्राममुळे वेधांत व्यत्यय येणार म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. दगडाची वही मात्र कोट्यवधी वर्षांची आहे आणि ती वाचणाऱ्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे हे अग्रेसर होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडांतील चुंबकीय दिशा मोजली. विषुववृत्तावर चुंबकीय सुई आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी ती अधिकाधिक कलते. दगडातील कलावरून तो कोणत्या अक्षांशावर थंड झाला हे काढता येते. दख्खनच्या दगडांनी दिलेली साक्ष अशी, की ते थिजले तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. भूखंड सरकतात हे जगाला पटण्यापूर्वीच्या काळात हा पुरावा फार मोलाचा ठरला. अनेक थरांतील दिशा आजच्या नेमकी उलट आढळते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अदलाबदल करतात, याचीही ती खूण होय.

लोणारला या वहीवर दुसऱ्या एका घटनेची नोंद चढली. आकाशातून आलेली उल्का या काळ्या खडकावर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर निर्माण झाले. केव्हा, याविषयी एकमत नाही : एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. हे विवर ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, याचे भक्कम पुरावे १९७०च्या दशकात मिळाले. आघाताच्या प्रचंड दाबाने दगडातील जुने चुंबकत्व कोठे क्षीण होते, कोठे बदलते, हे अभ्यासण्यासाठी देशोदेशीचे शास्त्रज्ञ येथे येत आले आहेत. कारण काळ्या खडकात झालेली अशी सुस्थितीतील विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत, आणि चंद्र-मंगळावरील विवरे तशाच खडकात आहेत. २०१० मध्ये मिश्रा, आरिफ, बसवय्या प्रभृतींनी दगडांतील चुंबकीय गुणधर्मांच्या दिशा आणि थरांची रचना तपासून, उल्का पूर्वेकडून तिरकी आली असावी असा निष्कर्ष मांडला. वितळून उडालेल्या काचेच्या कणांचीही तपासणी झाली. आघाताने स्वतःचे प्रबळ चुंबकीय क्षेत्र निर्माण केल्याचा पुरावा त्यांत आढळला नाही.

हे सारे निष्कर्ष एका अटीवर उभे आहेत. दगड जागेवर असावा लागतो. भूशास्त्रज्ञ नमुना काढण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा आणि क्षितिजाची रेघ आखतात आणि मगच तो सोडवतात. कारण दगडातील सुई कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे दगड कसा पडला होता यावरूनच ठरते. एकदा उचलून पिशवीत टाकलेला खडा घरी होकायंत्राची सुई हलवून दाखवील, मुलांची करमणूक करील. पण उल्का कोठून आली याविषयीची त्याची साक्ष संपलेली असेल. चोपडीतून फाडलेल्या पानावर आकडे शिल्लक राहतात. पण ते कोणत्या खात्याचे आणि कोणत्या तिथीचे, हे कोणालाच सांगता येत नाही.

लोणार हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे आणि २०२० पासून रामसर यादीतील पाणथळही आहे. तेथील झाडे-पक्षी जपावेत हे आता बहुतेकांना पटले आहे. दगडही जपावेत हे मात्र अजून पटायचे आहे. सुटीत मुलांना तेथे नेणाऱ्या कुटुंबांनी होकायंत्र अवश्य सोबत न्यावे, सुई कोठे ढळते ते पाहावे, क्युरी तापमानाची गोष्ट काठावर बसून सांगावी आणि खडा होता तेथेच ठेवून परतावे.