घाईचा शब्द आणि शब्दाची घाई

‘पोस्टहेस्ट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात सहज सापडतो : अत्यंत तातडीने, क्षणाचाही विलंब न लावता. हा शब्द कसा घडला असावा, असे उमरेडला आमच्या वर्गात विचारले, तेव्हा एका विद्यार्थ्याने ‘पोस्टमॉडर्न’च्या चालीवर त्याची फोड केली : घाईनंतरचे ते पोस्टहेस्ट. वर्ग हसला. आम्हाला मात्र हसता आले नाही. कारण ध्वनिसाम्य दिसले की व्युत्पत्ती सापडली असे मानण्याची ही सवय आपणच विद्यार्थ्यांना लावलेली आहे.

वस्तुतः ‘नंतर’ या अर्थाच्या लॅटिन उपसर्गाशी या ‘पोस्ट’चा काही संबंध नाही. हा पोस्ट म्हणजे टपाल नेणारा हरकारा. मुळात ठरावीक अंतरावर घोडे ‘ठेवलेले’ असत, त्यावरून हे नाव आले. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील तातडीच्या पत्रांवर त्याला उद्देशून ‘हेस्ट, पोस्ट, हेस्ट’ असे लिहीत. म्हणजे, ‘त्वरा कर, हरकाऱ्या, त्वरा कर!’ काही पत्रांवर तर फासाच्या खांबाचे चित्रही काढलेले असे. उशीर झाला तर काय होईल, हे निरक्षरालाही कळावे. पुढे ही आज्ञाच शब्द होऊन बसली. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त तो येतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली मराठीत आणले, तेच हे नाटक. ‘हेस्ट’ हा अर्धा भागही जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याच्या मुळाशी जर्मानिक कुळातील, उग्रता-बळजोरी या अर्थाचा शब्द आहे. दुसऱ्याच्या जिवावर लादलेली घाई त्या शब्दात अशी दोन्ही बाजूंनी मुरलेली आहे. ‘ताबडतोब’ हा प्रतिशब्द अर्थ पोचवतो. तो धावणारा माणूस मात्र वाटेतच राहतो.

आता आपल्या घरातला शब्द पाहा. ‘पोलिसांनी शिताफीने चोर पकडला’ हे वाक्य वर्तमानपत्रांत नित्याचे आहे. शिताफी म्हणजे चातुर्य, कौशल्य, असे विद्यार्थी सांगतात आणि आजच्या वापरापुरते ते बरोबरही आहे. पण हा शब्द फारसी ‘शिताबी’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ केवळ त्वरा. घाईने केलेले काम चपळाईचे ठरले आणि चपळाई हळूहळू चातुर्य झाली. हे ठाऊक नसलेला वाचक जुन्या पत्रव्यवहारातील ‘शिताबीने यावे’ या आज्ञेत युक्तीप्रयुक्ती शोधत बसेल आणि पत्रातली निकड त्याच्या हातून निसटेल.

म्हणून आमचा आग्रह एवढाच, की व्युत्पत्ती ही परीक्षेत पाठ करून लिहायची एक ओळ राहू नये. शब्द कोणत्या कागदावर, कोणी, कोणाला उद्देशून वापरला, हे विद्यार्थ्याने शोधावे. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. तो ग्रंथालयाच्या कपाटातून काढून वर्गातल्या टेबलावर ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही. अभ्यासक्रम संपवण्याची घाई आपल्या सर्वांनाच आहे. परंतु घाईचे शब्दसुद्धा सावकाशच शिकवावे लागतात.