बक्षीस कशाचें?

वारसा जपणाऱ्या संस्था विद्यार्थ्यांकरितां इतिहासाच्या स्पर्धा भरवितात, हें स्तुत्य होय. १९८४ सालीं स्थापन झालेली ‘इन्टॅक’ शाळांसाठीं प्रश्नमंजूषा घेते. परंतु बक्षीस कशाचें द्यावें, याचा विचार व्हावा.

एकदां परीक्षक या नात्यानें माझ्या हातून चूक घडली. सनावळी घडाघडा म्हणणाऱ्या मुलास मीं पहिलें बक्षीस दिलें. पणजोबांच्या वेळचा मोडी कागद घेऊन आलेल्या मुलीस ‘हें विषयाबाहेरचें’ म्हणून खालीं बसविलें. मोडी मला वाचतां येत होती. कागद मात्र मीं वाचला नाहीं. तो घेऊन ती पुन्हां आली नाहीं.

आमच्या कुपवाडाहून मिरज ती कितीशी दूर! तेथें संस्कृत शिकवितां शिकवितां वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं पटवर्धनांचीं दप्तरें तपासलीं आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. शास्त्रीबोवांना कित्येक मित्या अशा कागदांतूनच शोधाव्या लागल्या.

म्हणून पालकांस विनंति, कीं घरांतील जुने कागद रद्दींत घालण्यापूर्वीं मुलांसमोर उघडावे. आणि परीक्षकांनीं ‘हें कशावरून?’ असें विचारणाऱ्या मुलासाठींही एक बक्षीस राखून ठेवावें.